वाळूजचा स्क्रू, परदेशी प्रयोगशाळा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

परदेशी संशोधन संस्था आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांबरोबर संयुक्त काम करू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या उद्योजकांची, प्राध्यापकांची, डॉक्टरांची पत्रं यावेळी बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सात इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचं वाळूजला सीएनसी टर्निंगचं युनिट आहे. दुचाकीचे पार्ट करतो, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं दर्जा-मानक) आहे. एका जर्मन संशोधन संस्थेला हाडात बसवायच्या टायटॅनियम स्क्रूवर आमच्यासोबत काम करायचं आहे. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूचे ६० नमुने मागितले आहेत. स्लायडिंग हेड मशीन आमच्याकडे आहेच. मग वेगळं काय करावं लागेल?

आधी त्या ६० या आकड्याकडे बघा. एकाच लॉटमधून न निवडता उचललेले ५९ नमुने तपासले आणि एकही नापास झाला नाही, तर किमान ९५ टक्के माल चांगला आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. एखादा जादा धरून ६०. म्हणजे ते नमुने बघायला मागत नाहीत, तुमच्या प्रक्रियेची परीक्षा घेतायत. आपल्याकडची सवय अशी की दोनशे काढायचे, त्यातले चकाचक साठ निवडायचे आणि खोक्यात भरायचे. इथे तसं केलंत तर सगळी चाचणीच खोटी ठरते, आणि पुढच्या लॉटला ती गोष्ट उघडी पडते. सलग निघालेले किंवा चिठ्ठ्या टाकून उचललेले साठ द्या. बाकीचे किती रद्द झाले आणि का, तेही लिहून द्या. तो रद्द मालाचा कागद त्यांना स्क्रूइतकाच मोलाचा वाटतो.

आता बार, म्हणजे ज्यातून स्क्रू कातायचा ती धातूची कांडी. बाजारात ‘ग्रेड ५’ म्हणून मिळणारं टायटॅनियम आणि इम्प्लांटचं टायटॅनियम एक नव्हे. ग्रेड ५ मध्ये ऑक्सिजन ०.२० टक्क्यांपर्यंत चालतो. इम्प्लांटच्या एएसटीएम एफ१३६ मानकात तो ०.१३ टक्क्यांच्या आत लागतो, कारण ऑक्सिजन वाढला की धातू कडक होतो पण ठिसूळपणाकडे झुकतो. मिलचं प्रमाणपत्र हीट नंबरासह (माल कोणत्या वितळणीतला ते सांगणाऱ्या क्रमांकासह) घ्या आणि तो नंबर बारच्या ज्या टोकावर रंगवलेला असतो ते टोक शेवटपर्यंत कापू नका. ऑपरेटरने नेमकं तेच टोक आधी फीडरमध्ये सरकवलं की उरलेला तुकडा बिननावाचा होतो. बिननावाचा तुकडा म्हणजे भंगार, मग तो कितीही महाग असो.

या स्क्रूचा बाहेरचा व्यास ३.५, गाभा २.४ आणि आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर. आटा खोल आणि गाभा बारीक असल्याने साध्या टूलने पाच-सात पास मारले की बार वाकतो आणि मधल्या भागात गाभा जाड राहतो. म्हणून थ्रेड व्हर्लिंगची अटॅचमेंट घ्या. ती गाइड बुशला (बारला आधार देणाऱ्या कड्याला) खेटून एकाच पासमध्ये आटा काढते. टायटॅनियम उष्णता वाहून नेत नाही, साध्या स्टीलच्या मानाने सातवा-आठवा हिस्सा धरा. सगळा ताप टूलच्या धारेवर साठतो. मशीन दुचाकीच्या पार्टच्या वेगावर चालवू नका आणि कूलंट नेमका धारेवर पडू द्या. बारीक बुरा पेटतो, त्यावर पाणी मारू नका. मशीनशेजारी ‘डी’ वर्गाचं, धातूच्या आगीसाठीचं अग्निशामक ठेवा.

खरी गडबड मात्र धुण्यात होते. ज्या टाकीत कालपर्यंत लोखंडी पार्टचा कूलंट होता, तीच टाकी वापरली तर लोखंडाचे कण टायटॅनियमवर दाबून बसतात आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघाल्यावर तांबूस ठिपके दिसतात. टाकी, टोपल्या, ब्रश, हातमोजे सगळं वेगळं करा. दुसरी गोष्ट पाण्याची. एमआयडीसीचं पाणी असो की बोअरचं, त्यात क्षार आहेतच. शेवटची धुलाई त्या पाण्याने झाली तर स्क्रूच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेच्या तळाशी थेंब सुकतो आणि पांढरी कडी उरते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, दहापट भिंगाखाली लगेच दिसते. शेवटच्या दोन धुलाया डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने करा, टाकीतल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) रोज मोजून लिहा, आणि खाच फिल्टर केलेल्या कोरड्या हवेने फुंकून काढा. कॉम्प्रेसरच्या साध्या लाइनने फुंकलंत तर तेल बसेल.

आयएटीएफची शिस्त कामी येईल, पण एक सवय मोडावी लागेल. वाहन उद्योगात इन्सर्ट (टूलची बदलायची धार) बदलून सायकल टाइम दोन सेकंदांनी कमी केला तर शाबासकी मिळते. आयएसओ १३४८५ मध्ये, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या दर्जा-मानकात, प्रक्रिया एकदा सिद्ध केली की इन्सर्टचा ग्रेड, कूलंटचा ब्रँड, धुण्याची पावडर यांतलं काहीही परस्पर बदलायचं नसतं. बदल लिहायचा, परिणाम तपासायचा, भागीदाराला कळवायचं आणि मगच लागू करायचा.

परवान्याबाबत : चाचणीपुरतं उत्पादन करायलाही मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली परवाना आहे. एमडी-१२ या फॉर्ममध्ये अर्ज, एमडी-१३ मध्ये परवाना. पुढे विक्रीसाठी बनवायचं ठरलं तर हाडाचा स्क्रू क वर्गात येतो. त्याचा अर्ज एमडी-७ मध्ये केंद्रीय यंत्रणेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे जातो आणि परवाना एमडी-९ मध्ये मिळतो. नमुन्यांच्या प्रत्येक पिशवीवर ‘मानवी वापरासाठी नाही’ असं छापा.

प्रश्न : सर्जिकल ड्रिल गाइडचा २४० मिलिमीटर लांबीचा स्टीलचा भाग आमच्या सीएमएमवर (त्रिमिती मोजणी यंत्रावर) पास होतो आणि परदेशी भागीदाराकडे ३० मायक्रॉन आखूड म्हणून नापास होतो. हिवाळ्यातला लॉट पास झाला होता. मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे. दोष कोणाचा? — चिकलठाणा

‘हिवाळ्यातला लॉट पास झाला’ या वाक्यातच उत्तर आहे. जगभर लांबी २० अंश सेल्सिअसला मोजायची असं ठरलेलं आहे. तुमचा भाग १७-४ पीएच स्टीलचा असेल तर दर अंशाला, दर मीटरला साधारण ११ मायक्रॉन वाढतो. एप्रिलच्या दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला आणि भाग ३२ अंशांवर असताना मोजला तर २४० मिलिमीटरमागे १२ अंशांची वाढ ३१-३२ मायक्रॉन होते. तुम्ही गरम भाग बरोबर मापात आणलात, तिकडे तो थंड होऊन आखूड झाला. मशीनच्या कॅलिब्रेशनचा इथे संबंध नाही. बरीच मशीनं स्वतःच्या स्केलची वाढ सॉफ्टवेअरमध्ये वजा करतात. भागाचा सेन्सर लावून धातूचा गुणांक भरला नसेल, तर भागाची वाढ तशीच राहते.

उपाय महाग नाही. भाग धुतल्यावर निदान चार तास सीएमएमच्या ग्रॅनाइटवर पडू द्या. हाताने नव्हे, मोजे घालून उचला. रिपोर्टवर वेळ आणि भागाचं तापमान लिहा. खोलीच्या एसीला जनरेटरची लाइन द्या, आणि लाइट येऊन-जाऊन राहिली असेल त्या दिवशी अंतिम मोजणी करूच नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भागीदाराबरोबर एक मास्टर पीस ठेवा. एकच भाग दोघांनी मोजायचा, दोन्ही आकडे समोरासमोर मांडायचे, आणि हे पहिल्या लॉटच्या आधी करायचं. ही एक गोष्ट केली तर पुढचे सहा महिने पत्रापत्रीत जात नाहीत. शिवाय तीन माणसं, दहा भाग, प्रत्येकी तीन वेळा अशी गेज आर अँड आर, म्हणजे मोजणीतलाच फरक किती ते तपासणारी चाचणी, करा. सहनमर्यादेच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) १० टक्क्यांच्या आत आली तर उत्तम, ३० च्या वर गेली तर त्या गेजने पास-नापास ठरवू नका.

तापमान जुळूनही वाद उरला तर ड्रॉइंग कोणत्या मानकावर काढलंय ते पाहा. अमेरिकी एएसएमई वाय१४.५ मध्ये व्यासाची मर्यादा दिली की सरळपणाही आपोआप त्यात येतो. आयएसओ ८०१५ मध्ये तसं नाही. तिथे पिनचा व्यास ठिकठिकाणी बरोबर असून पिन किंचित वाकलेली असली तरी मापात पास होते, आणि भोकात मात्र अडकते. सरळपणा हवा असेल तर मापापुढे वर्तुळातलं ‘ई’ चिन्ह लागतं. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू थर्ड अँगल पद्धतीने मांडतात, आपल्याला फर्स्ट अँगलची सवय. जर्मन ड्रॉइंगमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, ‘०,०५’ म्हणजे ०.०५. आकडे एक्सेलमध्ये चिकटवताना तो स्वल्पविराम गळला की ५० मायक्रॉनचे थेट ५ मिलिमीटर होतात. चिकलठाण्यातच इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे एकदा स्वतंत्र मोजणी करून घेतली तर तिसऱ्या जागेचा आकडा हाताशी राहील.

प्रश्न : जालन्यात आमचा स्टीलचा व्यवसाय आहे. आमच्या बिलेटपासून (ओतलेल्या चौकोनी कांड्यांपासून) सर्जिकल अवजारांचं स्टील करता येईल का?

सळईच्या बिलेटपासून नाही. कात्री-चिमट्यांना आयएसओ ७१५३-१ मधलं, क्रोमियम १२-१३ टक्के किंवा त्याहून अधिक असलेलं मार्टेन्सिटिक (तापवून कडक करता येणारं) स्टेनलेस लागतं. इम्प्लांटचं ३१६एल स्टेनलेस तर निर्वात वितळवण्यातून आणि पुनर्वितळणीतून येतं, कारण त्यात अधातूचा कणही नको असतो. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत तांबं, कथील येतंच आणि ते बाहेर काढता येत नाही. तुमच्याकडे फोर्जिंगची सोय असेल तर विकत घेतलेल्या प्रमाणित बारवर अवजारांचं फोर्जिंग हा खरा रस्ता आहे.

प्रश्न : शेंद्र्यात आमच्याकडे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग मशीन आहे. युरोपीय भागीदार प्रत्येक बिल्डमागे (एकेका छपाईमागे) पावडरचा हिशोब मागतो. पावडर तर तीच आहे, मग हा त्रास कशाला?

कारण पावडर तीच राहत नाही. लेझर पावडर बेडमध्ये, म्हणजे पावडरच्या थरावर लेझर फिरवून छापणाऱ्या मशीनमध्ये, १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर वापरतात. न वितळलेली पावडर चाळून पुन्हा भरली की दर फेरीला तिच्यातला ऑक्सिजन थोडा वाढतो. वर म्हटलेली टायटॅनियमची ०.१३ टक्क्यांची मर्यादा इथेही आहे. नवी पावडर ०.०९-०.१० वर असली, तर फार फेऱ्या हातात नाहीत. म्हणून प्रत्येक डब्याला वंशावळ द्या : मूळ लॉट, कितवी फेरी, जुनी-नवी किती टक्के मिसळली, चाळणी कोणती. साधारण ६३ मायक्रॉनची चाळणी वापरतात, तिची जाळी फाटली नाही ना ते दर वेळी उजेडात धरून पाहा. प्रत्येक बिल्डमधली थोडी पावडर सीलबंद ठेवा. बिल्ड प्लेटच्या कोपऱ्यांत ताणचाचणीच्या काड्या, आडव्या आणि उभ्या दोन्ही, छापा. उभ्या काडीत थरांमधला दोष आधी कळतो.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. डबा उघडा राहिला की पावडर ओल धरते, गोळा होते आणि रिकोटर (पावडरचा थर पसरवणारी पट्टी) पुढे सरकताना पट्टे उमटतात. हॉल फ्लोमीटरमधून, म्हणजे ठरावीक भोकाच्या नरसाळ्यातून, ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत गळते ते प्रत्येक बिल्डआधी मोजा. आकडा वाढला किंवा पावडर अडली तर बिल्ड सुरू करू नका. छापल्यावर हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, म्हणजे आतली बारीक पोकळी मिटवणारं गरम दाबकाम, ८९५ ते ९५५ अंशांत, किमान १०० मेगापास्कल दाबाखाली होतं. ते काम बाहेरून करून घ्यावं लागेल, तेव्हा त्या भट्टीचा आलेखही हिशोबाच्या फायलीत लावा. या धुळीचा स्फोट होऊ शकतो. अर्थिंग, अँटिस्टॅटिक बूट आणि ओल्या पद्धतीचा व्हॅक्यूम यांत काटकसर करू नका.

प्रश्न : लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. मणक्यातल्या इम्प्लांटची सच्छिद्र जाळी आम्ही आणि एका जर्मन विद्यापीठातले प्राध्यापक मिळून तयार केली. पेटंट आधी तिकडे टाकू, असं ते म्हणतात. हरकत आहे का?

मोठी हरकत आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्या शोधकाला परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करता येत नाही. इथे नागरिकत्व नाही, निवास बघतात. दोन रस्ते आहेत. भारतात आधी अर्ज करा आणि सहा आठवडे थांबा, किंवा फॉर्म २५ भरून परदेशी अर्जाची परवानगी मागा. तिचा निर्णय साधारण २१ दिवसांत येतो. हे चुकवलंत तर भारतातलं पेटंट रद्द होऊ शकतं आणि कलम ११८ खाली कैद किंवा दंडाची तरतूद आहे. जर्मन मित्राला हा नियम माहीत नसतो, त्याचा काही वाईट हेतू नसतो. तुम्हीच सांगायला हवं.

तोवर पोस्टर, परिषद, प्रबंधाचं प्रकाशन थांबवा. अमेरिकेत प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत आहे, युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही. विद्यार्थ्याने हौसेने लावलेल्या एका पोस्टरवर युरोपातला हक्क जातो.

आणि ‘मालकी दोघांची अर्धी-अर्धी’ एवढ्या एका ओळीवर सही करू नका. आपल्या कलम ५० प्रमाणे सहमालक स्वतः शोध वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणाला लायसन्स देऊ शकत नाही. अमेरिकेत सहमालक दुसऱ्याला न विचारता लायसन्स देऊ शकतो. म्हणजे एकाच जाळीचा हक्क इथे बांधलेला आणि तिथे मोकळा. करारात आधीचं ज्ञान कोणाचं ते यादी करून जोडा, प्रकल्पात निर्माण झालेलं वेगळं लिहा, आणि वाटणी क्षेत्रानुसार करा : मणका कोणाकडे, दात कोणाकडे, कोणत्या देशात विक्री कोण करणार. जर्मनीत नोकरदाराने लावलेल्या शोधावर त्याची संस्था हक्क सांगते, २००२ पासून प्राध्यापकांनाही त्यातून सूट नाही. म्हणून सही प्राध्यापकांची नको, विद्यापीठाची हवी. तुमच्या बाजूनेही महाविद्यालयाची हवी.

प्रश्न : अशा कामाला सरकारी पैसा मिळतो का, आणि परदेशी भागीदाराला फी द्यायची तर काय बघावं? — छत्रपती संभाजीनगर

जर्मनीसाठी इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची ‘टू प्लस टू’ योजना आहे. दोन्ही देशांतली एकेक संशोधन संस्था आणि एकेक उद्योग, असे चौघं लागतात. फ्रान्ससाठी सेफिप्रा ही संस्था, इस्रायलसाठी आयफोरएफ हा निधी आहे. टू प्लस टूमध्ये प्रत्येक देश आपल्याच बाजूला पैसे देतो, तेव्हा जर्मन पैसा वाळूजला येईल अशी आशा धरू नका. उद्योगाला आपला वाटाही घालावा लागतो.

जर्मन संस्थेला तांत्रिक फी पाठवताना भारत-जर्मनी करकरारानुसार १० टक्के कर कापला जातो. त्यासाठी त्यांचं तिकडचं कर-निवास प्रमाणपत्र आधी मागवा. करारात ‘१०,००० युरो, सर्व कर वगळून’ असं असेल तर तुम्हाला ११,१११ युरो मोजावे लागतात. ही ओळ वाचून मगच सही करा. सेवेवर १८ टक्के जीएसटी तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. मोफत नमुन्यांच्या बिलावर शून्य किंमत लिहू नका. कस्टम्ससाठी खरी किंमत लिहून ‘विक्रीसाठी नाही’ असं नोंदवा. आणि पंचअक्षी मशीन आयात करत असाल तर लक्षात ठेवा, काही परदेशी मशीनं जागेवरून हलवली की आपोआप लॉक होतात. शेड बदलण्याआधी उत्पादकाला लेखी कळवा.

प्रश्न : मी नांदेडमध्ये सर्जन आहे. अपघातात कवटीचं हाड गेलेल्या रुग्णांसाठी प्लेट डिझाइन करायला एक परदेशी गट सीटी स्कॅन मागतो. नाव काढून पाठवले तर चालेल का?

नाव काढणं पुरेसं नाही. स्कॅनच्या डायकॉम फाइलच्या हेडरमध्ये नावाखेरीज जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, रुग्णालय, तारखा असतात. ते सगळं पुसलं तरी डोक्याच्या सीटीवरून चेहरा उभा करता येतो. तेव्हा स्कॅन पाठवूच नका. सेग्मेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून हाड वेगळं काढणं, इथेच करा आणि फक्त लागणाऱ्या हाडाचं एसटीएल (थ्रीडी आकाराची फाइल) मॉडेल सांकेतिक क्रमांकाने पाठवा. क्रमांक आणि रुग्ण यांचा तक्ता रुग्णालयाबाहेर जाऊ देऊ नका. संशोधन म्हणून करत असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि परदेशी सहभाग असल्याने आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची परवानगी लागते. त्या समितीचं काम आयसीएमआरमधून चालतं. संमतीपत्र मराठीत असू द्या आणि ‘माहिती देशाबाहेर जाईल’ हे वाक्य त्यात स्वतंत्र ओळीत असू द्या. नातेवाइकांना ते वाचून दाखवा.

स्कॅनचा दर्जा रेडिओलॉजी विभागाला आधी सांगा. अपघाताच्या वेळी नेहमीचा सीटी ५ मिलिमीटरच्या कापांचा काढतात, त्यावर पातळ हाडात नसलेली भोकं दिसतात. १ मिलिमीटर किंवा कमी जाडीचे काप, गँट्री टिल्ट शून्य (मशीनचं कडं न झुकवता), बोन कर्नल (हाड स्पष्ट दाखवणारी मांडणी), असं मागा. रुग्ण मध्येच हलला तर कडेला पायरी उमटते आणि प्लेट त्या पायरीवर अडते. असा स्कॅन पुन्हा काढावा लागेल.

एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. मिलिमीटरची फाइल तिकडे इंचात उघडली तर मॉडेल २५.४ पट मोठं होतं, तेव्हा एक मोजलेलं अंतर पत्रात लिहा. डावं-उजवं उलटण्याचा धोका त्याहून मोठा, कारण उलटलेली कवटी दिसायला बरोबरच दिसते. मॉडेलच्या उजव्या बाजूला, हाडापासून दूर, ‘उजवी’ अशी उठावाची खूण आधीच जोडा. त्यांच्याकडून प्लेटचं डिझाइन परत आलं की आधी ती खूण शोधा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली तर फाइल तशीच परत पाठवा.